मिठाची गाठ

"चव घेतल्याशिवाय मीठ कळतं कसं, चाचा?"

मशाकचाचांचं लक्ष जाळाकडं होतं. ते चराजवळ उकिडवे बसले होते आणि बाभळीचं एक जळतं लाकूड हातभर मागं ओढत होते.

"मी काय विचारतोय?"

"ऐकलं की."

"मग?"

"मग काय... धूर डोळ्यात जाईल, पाव्हणं. हिकडं सरका."

विचारणारा होता सुग्रीव गव्हाणे. तालुक्याच्या गावी त्याची खानावळ. मटण खावं तर गव्हाणेचं, असं तीन तालुक्यांत म्हणायचे. तळहातावर रश्शाचा एक थेंब घ्यायचा, चाटायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "अर्धी चिमूट अजून." लोक जेवायला जायचे तसे हे बघायलाही जायचे. माणूस मोठा होता आणि आवाज त्याहून मोठा होता.

कंदुरी आमच्या घरची होती, म्हणून मी तिथं होतो. कंदुरी म्हणजे पीराला बोललेला नवस. बकरं कापायचं, दर्ग्यासमोर उघड्यावर लाकडांच्या जाळावर शिजवायचं, पीराला निवद दाखवायचा आणि मग आल्यागेल्याला जेवू घालायचं. माझ्या आतोबांना नाग डसला होता. डॉक्टर म्हणाले, पाय काढावा लागेल. आत्यानं खडकपीराला नवस बोलला, आणि पाय राहिला. नवस फेडायला मात्र तीन वर्षं लागली. त्यातली दोन वर्षं बकरं पसंत करण्यात गेली, आमची आत्या आहेच तशी.

सुग्रीवला कुणी बोलावलं नव्हतं. पण कंदुरीला कुणी आगंतुक नसतो, त्यामुळं कुणी काही बोललं नाही. सकाळी आला तो थेट चराजवळ जाऊन बसला. चार महिने त्याची खानावळ बंद होती. पाठ धरलीय, असं तो सांगायचा. डोंगराच्या दोनशे पायऱ्या चढताना ती पाठ कुठं दिसली नाही मला. असो.

कंदुरीचा एक नियम आहे, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. निवद दाखवेपर्यंत कुणीही चव घ्यायची नाही. शिजवणाऱ्यानंसुद्धा. जिभेला थेंब लागला की अख्खी डेग उष्टी, आणि पीराला उष्टं दाखवत नाहीत.

मशाकचाचा त्या दर्ग्याचे मुजावर. चाळीस वर्षं तिथली प्रत्येक कंदुरी त्यांच्याच हातची. माझ्या आठवणीत एकदाही मीठ वर झालं नाही, एकदाही खाली राहिलं नाही. आम्ही त्याला पीराची करणी म्हणायचो आणि जेवायचो.

"चाचा, राग मानू नका," सुग्रीव म्हणाला. "पण न चाखता जमतं त्याला सैपाक म्हणत न्हाईत. त्याला नशीब म्हणतात."

"आसंल."

"चाळीस वर्सं नशीब?"

"लय दिवस झाले खरं."

चाचा हसले. वरचा एकच दात होता, तोही हसला.

चैत्रातलं ऊन. बारा हात लांबीचा चर खणलेला, त्यात बाभळीची लाकडं, त्यावर तांब्याची डेग. दोन बकऱ्यांचं मटण त्यात रटरटत होतं. जाळ उन्हात दिसतसुद्धा नव्हता, नुसती हवा हलताना दिसायची. वास मात्र असा सुटला होता की खाली पायथ्याशी चपला काढणारी माणसं मान वर करून बघत होती. काळं तिखट, भाजलेलं खोबरं आणि ओल्या लाकडाचा थोडा धूर.

सुग्रीव डेगीत वाकून बघत होता. नाक वाफेत होतं, पण तोंडावर काहीच नव्हतं. मला तेव्हा वाटलं, मोठ्या माणसाला दुसऱ्याचं कौतुक नसतं.

"जाळ कमी पडतोय," तो म्हणाला.

"पडू द्या."

"लाकूड आत सारू?"

"नको. आता मटणाच्या बोटीला बोटीशी बोलू द्यावं... आपण मधी पडू नये."

चाचा उठले आणि पायऱ्यांच्या टोकाला एक सपाट दगड आहे, त्यावर जाऊन बसले. हे त्यांचं दर कंदुरीचं. माणसं चढून वर यायची, चाचा प्रत्येकाकडं बघायचे, "या, या" म्हणायचे. आम्हाला वाटायचं, मुजावर आहेत, आल्या माणसाचं स्वागत करतात.

जाताना म्हणाले, "पाव्हणं, डेगीवर ध्यान ठेवा."

आणि इथंच घोटाळा झाला.

सुग्रीवनं पळी घेतली. डेग ढवळली, तळापासून, सराईत हातानं. पळी वर काढली, डावा तळहात पुढं केला, त्यावर एक थेंब सोडला आणि... चाटला. डोळे मिटले.

तीस वर्षांची सवय. हाताला काय माहीत, खानावळ कुठली आणि दर्गा कुठला.

"अगं बाई!" आत्या ओरडली.

सुग्रीवनं डोळे उघडले. पळी हातातच होती.

"चाटलं! त्यानं चाटलं, माझ्या डोळ्यांदेखत चाटलं!" आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. "झालं का उष्टं? तीन वर्सं थांबले रे मी... आता कोणत्या तोंडानं दाखवू निवद?"

भाकरी थापणाऱ्या बायांचे हात थांबले. माणसं गोळा झाली. कुणी म्हणालं डेग ओतून द्या, कुणी म्हणालं दुसरं बकरं आणा. दुसरं बकरं कुठनं आणणार त्या डोंगरावर? दोघातिघांनी सुग्रीवच्या खांद्याला धरलं. आतोबा वाचलेल्या पायावर भार देऊन मधे उभे राहिले, नाहीतर चार फटके नक्की बसले असते. मलाही, खोटं कशाला सांगू, त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

"चुकलं," सुग्रीव पुटपुटत होता. "सवयीनं... आईशपथ, सवयीनं."

चाचा दगडावरून उठून आले. घाई नाही, काही नाही. माणसं बाजूला झाली.

"काय झालं?"

"चव घेतली ह्यानं!" आत्या म्हणाली.

चाचांनी सुग्रीवकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"घेतली?"

"व्हय, चाचा."

"बरं... मग सांगा. मीठ कसंय?"

सगळे चाचांकडं बघायला लागले. ही काय विचारायची वेळ?

सुग्रीवनं पळी खाली ठेवली. मग मान थोडी वर केली. त्याही परिस्थितीत त्याच्यातला आचारी जागा झाला असावा.

"बरोबर हाय."

"कमी?"

"न्हाई."

"जास्त?"

"जितल्या तितं हाय, चाचा. मानलं तुमाला. थेंबाचा फरक न्हाई."

चाचांनी मान हलवली. मग अंगरख्याच्या खिशात हात घालून त्यांनी एक पुरचुंडी काढली. कोऱ्या पांढऱ्या फडक्यात बांधलेली, नारळाएवढी. ती त्यांनी सुग्रीवच्या तळहातावर ठेवली. त्याच तळहातावर, जो त्यानं चाटला होता.

"गाठ सोडा."

सुग्रीवनं गाठ सोडायला घेतली. गाठ करकचून बांधलेली होती, सकाळपासून कुणी तिला हात लावला नव्हता. त्याला ती नखांनी उकरावी लागली. फडकं उघडलं.

आत जाडं मीठ होतं. शिगोशीग.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि अंगावर काटा आला. डेगीत मिठाचा खडासुद्धा पडलेला नव्हता. तीन तालुक्यांत ज्याच्या जिभेची शपथ घ्यायचे, तो गव्हाणे अळणी रश्शाला जितल्या तितं म्हणाला होता.

सुग्रीवच्या हातातलं फडकं कललं. खडे खाली मातीत पडत होते.

"आत्याबाई," चाचा म्हणाले. "उष्टं कधी होतं?"

"चव घेतल्यावर."

"मग ह्यानं कुठं घेतली?"

आत्यानं डेगीकडं बघितलं, सुग्रीवकडं बघितलं. मग तिनं पदर तोंडाला लावला. राग कुठल्या कुठं गेला होता.

"या, भाकरी करपायला लागल्या," ती बायांना म्हणाली आणि चुलीकडं निघून गेली. बाकीचेही पांगले. एखाद्याचं उघडं पडलेलं झाकायचं तर तिथं थांबायचं नसतं, एवढं आमच्या गावाला कळतं.

मी थांबलो. मला कुणी जा म्हणालं नाही.

चाचांनी मिठाचं फडकं सुग्रीवच्या हातातून घेतलं, आणि तो चराच्या कडेला बसला.

"कधीपासनं?" चाचांनी विचारलं.

"दिवाळीनंतर ताप आला, चाचा. चार दिवस. पाचव्या दिवशी च्या पिलो तर नुसतं गरम पाणी. म्हटलं साखर विसरली आसंल. गुळाचा खडा तोंडात धरला... माती. आजून मातीच हाय. वास न्हाई, चव न्हाई. डॉक्टर म्हणतो, यील, न्हाईतर न्हाई यायची."

"घरी?"

"कुणाला म्हाईत न्हाई. बायको ताट वाढती, कसं झालंय म्हणून विचारती. मी झकास म्हणतो. रोज झकास. कधी मीठ इसरली आसंल, कधी दोनदा पडलं आसंल... झकास."

तो रडत होता. एवढा मोठा आवाज, पण रडण्याचा आवाजच नव्हता.

"लोक म्हणाले, खडकपीरावर एक म्हातारा न चाखता शिजवतो. म्हटलं काहीतरी हिकमत आसंल, तेवढी उचलावी आन निघावं. सोमवारी खानावळ उघडायची हाय, चाचा. न्हाई जमलं तर कायमची बंद. मला दुसरं काय येतंय वो? मला जीभ होती, बाकी काय बी न्हवतं."

चाचा ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी काठीनं एक लाकूड अजून मागं ओढलं. डेगीखाली आता फक्त निखारे राहिले होते.

"ऊठ," ते म्हणाले.

सकाळपासून 'पाव्हणं' आणि 'तुम्ही' चाललं होतं. आता एकदम 'तू'.

त्यांनी सुग्रीवला पायऱ्यांच्या टोकाशी नेलं, त्या सपाट दगडावर बसवलं आणि स्वतः शेजारी खाली बसले. मी मागं उभा राहिलो.

"बघ."

"काय बघू?"

"खाली."

माणसं चढत होती. लांबलांबच्या वाड्यांवरची, उन्हातान्हात चालत आलेली. म्हाताऱ्या गुडघ्यावर हात ठेवून चढत होत्या.

सुग्रीवचे ओठ हलायला लागले. "ईस... बावीस... पंचवीस..."

"मोजू नगो."

"मग?"

"बघ म्हटलं ना."

सुग्रीव पुढं वाकला.

"काय दिसतं?" चाचांनी विचारलं.

"माणसं."

"आन?"

"दमलीत."

"आन?"

एक गडी वर आला. पाटीभर लाकडं खाली टाकली, आम्हाला पाठमोरा झाला आणि पागोट्यानं तोंड पुसायला लागला. त्याच्या काळ्या सदऱ्यावर, दोन्ही खांद्यांच्या मधे, पांढरी रेघ उमटली होती. घाम येऊन वाळला होता. त्याच्यामागून दुसरा आला, त्याच्या पाठीवरही तशीच. मग एक बाई आली, तिच्या चोळीच्या काखेत, बाहीवर, पांढरं.

सुग्रीव उठून उभा राहिला.

"चाचा... हे तर मीठ."

चाचा पुढच्या माणसाला "या, या" म्हणाले.

"अंगातलं मीठ बाहेर आलंय ह्यांच्या. म्हणून तुम्ही मीठ शेवटी... म्हणून तुम्ही हितं बसता... हिवाळ्यातल्या कंदुरीला मीठ कमी..."

"लय बोलतोस," चाचा म्हणाले.

मी चाळीस वर्षं नाही, पण पंचवीस वर्षं तरी चाचांना त्या दगडावर बसलेलं बघितलं होतं. आम्ही चढून यायचो आणि ते "या, या" म्हणायचे. माझ्याही पाठीकडं त्यांनी दर वर्षी बघितलं असणार. माझ्यातनं किती गेलं आणि मला किती पाहिजे, हे बघितलं असणार. आणि मी मेला त्यांना नुसता नमस्कार करून सावली शोधायचो. मला त्या क्षणी तिथंच खाली वाकून त्यांचे पाय धरावेसे वाटले. लाज वाटली म्हणून धरले नाहीत. आजही त्याची चुटपुट आहे.

शेवटची माणसं वर आली. आतोबा एका दगडावर बसून तो पाय चोळत होते. सुग्रीवनं त्यांच्याकडंही बघितलं, मग डेगीकडं गेला.

चाचांनी पुरचुंडी त्याच्यापुढं धरली.

"घाल."

"मी?"

"न्हाई तर काय पीर यील उठून?"

"चाचा, आत्याबाईंची कंदुरी हाय. चुकलं तर..."

"तर अळणी खातील. त्यात काय मरत न्हाईत."

आत्या लांबून बघत होती. ऐकत होती की नाही, सांगता येत नाही. पण ती 'नको' म्हणाली नाही. आमच्या आत्यानं 'नको' न म्हणणं ही त्या दिवसातली दुसरी करणी.

सुग्रीवनं मूठ भरली. हात डेगीवर धरला. वाफेत हात तसाच राहिला, भाजत असणार. तो डेगीकडं बघतच नव्हता. मान वळवून तो बसलेल्या माणसांकडं बघत होता. मूठ सुटली. दुसरी. तिसरी... नववी मूठ पडली तेव्हा तो थांबला. डोळे मिटायला लागला, जुन्या सवयीनं. मग मिटले नाहीत. सावलीत बसलेल्या म्हाताऱ्यांवरून, लेकुरवाळ्या बायांवरून, आतोबांवरून त्याची नजर फिरली. दहावी मूठ त्यानं अर्धीच सोडली. उरलेली परत फडक्यात ठेवली.

पळी फिरवली. झाकण ठेवलं. झाकणावर चार निखारे ठेवले.

मग ऊद जाळला. चाचांनी फातिहा दिला. निवद मजारीपुढं ठेवला गेला. आत्यानं आतोबांना पुढं करून माथा टेकवला, आणि उठताना त्यांचा तो पाय दोन्ही हातांनी एकदा चाचपून बघितला. तीन वर्षांत तिनं तो हजारदा चाचपला असेल.

पंगत बसली. पत्रावळींवर भाकरी कुस्करली गेली, वर रस्सा पडला. सुग्रीव स्वतः वाढत होता. शेवटच्या पानापर्यंत वाढून झालं आणि तो पळी घेऊन मधेच उभा राहिला. खेळाचा निकाल ऐकायला पोरं उभी राहतात तसा.

पहिला घास गेला.

दुसरा गेला. कुणी मीठ मागितलं नाही. कुणी पाण्याकडं हात नेला नाही. दीडशे माणसं बसली होती आणि नुसता जेवण्याचा आवाज येत होता.

मी खाल्लं. काय सांगू? माझ्या अंगातनं जे त्या पायऱ्यांवर गेलं होतं, ते परत आलं. एवढंच म्हणतो. डोळे भरले, ते तिखटानं नाही.

एक म्हातारी वाटी पुढं करून सुग्रीवला म्हणाली, "बाबा, रस्सा टाक आजून. जिवाला बरं वाटलं."

त्यानं टाकला. हात भाजलेला होता, लालभडक. पण थेंब सांडला नाही.

ऊन उतरल्यावर माणसं डोंगर उतरायला लागली. सुग्रीवनं डेगीत वाकून पळी फिरवली. तळाला काहीच नव्हतं.

"चाचा, तुम्ही जेवला न्हाई?"

चाचा चराच्या कडेला बसून भाकरी आणि कांदा खात होते.

"हे काय, जेवतोय की."

"मटण?"

"सरलं. दर कंदुरीला सरतं."

सुग्रीवचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हंजे चाळीस वर्सांत... तुमच्या हातचं..."

"चांगलं आसतं म्हणतात लोक."

आणि कांद्याला बुक्की मारून त्यांनी एक पाकळी सुग्रीवला दिली. त्यानं ती चावली. काहीच लागलं नसणार. तरी चावून खाल्ली.

तो निघाला. पायऱ्यांच्या टोकाशी त्या दगडापाशी थांबला, वाकून दगडाला हात लावला, मग परत वळून आला.

"एकच विचारतो, चाचा."

"विचार."

"समजा उद्या सकाळी उठलो... आन जीभ परत आली, तर?"

चाचा निखाऱ्यांवर माती लोटत होते. लोटून झाली. हात झटकले.

"येऊ दे की बापडी," ते म्हणाले. "फक्त हाताला कळू देऊ नगो."